कोरेअप्पांच्या पत्र्याच्या मोटारी

कोरेअप्पांची नांदेडला बदली झाली आणि ती तीनदा माझ्या हातानं अडली. अडवणारे अर्थातच साहेब होते, मी नुसती टायपिस्ट. पण "पर्यायी व्यवस्था होईपर्यंत सदर कर्मचाऱ्यास कार्यमुक्त करता येणार नाही" हे वाक्य मी इतक्यांदा बडवलं की पुढं पुढं ते बोटांनाच पाठ झालं. चौथ्या वेळी कुणीच अडवलं नाही, तरी अप्पा गेले नाहीत. त्याचं कारण मला फार उशिरा कळलं.

लातूर जिल्हा नवा झाला त्या वर्षीची गोष्ट. मी मूळची औशाची, लग्न होऊन लातुरात आलेली, आणि नव्या कचेरीत नव्यानं चिकटलेली. खुर्च्या कमी, माणसं जास्त, आणि उस्मानाबादहून आमच्या वाटणीचं दप्तर ट्रकमधून येतंय. लाल फडक्यात बांधलेले कागदांचे गठ्ठे, त्यांना कचेरीत रुमाल म्हणायचे. त्यातले निम्मे निजामाच्या काळातले, सगळे उर्दूत. तेही छापील उर्दू नव्हे. घाईघाईत ओढलेलं, अक्षरांवरचे ठिपके म्हणजे नुक्ते गाळलेलं, शाईत पडलेली मुंगी कागदावरून चालत गेल्यासारखं. आमच्यातले दोन कारकून ते उघडून, काहीतरी कळल्यासारखं तोंड करून रॅकवर लावत होते.

तेवढ्यात दारातून आवाज आला, "उलटं धरलंय तुम्ही."

पन्नाशी ओलांडलेला, उंच, जरा वाकलेला माणूस. पांढरा सदरा, कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात चांदीच्या डबीतलं लिंग. त्यांनी कारकुनाच्या हातातला कागद घेतला, सरळ केला, आणि म्हणाले, "वाचता येत न्हाई ते एक वेळ चालंल. पण उलटं धरू नका. ज्यानं लिवलंय त्याचा अपमान हाय तो."

मग त्यांनी उभ्या उभ्या तो कागद वाचला. मान उजवीकडून डावीकडं हळूहळू सरकत होती, ओठ हलत होते. कुठल्याशा गावच्या पाटलाची अर्जी होती, बैल चोरीला गेल्याची. बैलाचं वर्णन वाचताना अप्पा थांबले आणि म्हणाले, "वा! काय लिवलंय. चोरानं वाचलं असतं तर आणून बांधला असता."

हे मन्मथअप्पा कोरे. निजामाच्या राजवटीत शाळा उर्दूतच होती, त्यामुळं मॅट्रिकपर्यंत तीच भाषा. त्या पिढीचे बाकीचे लोक रिटायर होऊन गेले होते किंवा वर गेले होते. नव्या जिल्ह्यात ते कागद वाचू शकणारा हा एकच माणूस उरला होता, हे साहेबांना पहिल्या आठवड्यात कळलं. अप्पांचं नशीब त्याच आठवड्यात ठरलं म्हणायला हरकत नाही.

अप्पांचं घर नांदेडला, जुन्या वस्तीत. बायको सुमित्राबाई तिथल्या नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका. त्यांची नोकरी शहराबाहेर हलणारी नव्हती. अप्पा बहात्तरच्या दुष्काळात लातूर तहसीलला आले ते दोन वर्षांसाठी म्हणून, आणि मी पाहिलं तेव्हा त्या दोन वर्षांना दहा वर्षं होऊन गेली होती. शनिवारी कचेरी सुटली की अहमदपूर, लोहा करत नांदेडची बस. रविवारी संध्याकाळी परतीची. एक मुलगी होती, तिचं लग्न त्यांनी रजा काढून चार दिवसांत उरकलं होतं. "पाहुण्यांतच जमा होतो मी," असं एकदा म्हणाले होते.

त्यांच्या सवयी साध्या. चहा बशीत ओतायचा, पण बशी निववायला फुंकर मारायची नाही, वाट बघायची. कुणी घाई केली की म्हणायचे, "निवंल की. कुठं जायचंय?" हा "कुठं जायचंय" त्यांचा पालुपदासारखा शब्द होता. ज्या माणसाला एकाच ठिकाणी जायचं होतं आणि जाता येत नव्हतं, तो माणूस दिवसातून दहा वेळा दुसऱ्यांना हे विचारायचा. आम्हाला त्यात तेव्हा काही वाटायचं नाही.

मोटारींचं मला पहिल्या पावसाळ्यानंतर कळलं. अप्पा चार दिवस कचेरीत आले नाहीत. निरोप आला, ताप आहे. मी आणि माझे मिस्टर भाकरी-वरण डब्यात घालून त्यांच्या खोलीवर गेलो. गंजगोलाईच्या बाजारामागं एका गल्लीत, वरच्या मजल्यावर एक खोली. दार उघडंच होतं. अप्पा घोंगडी पांघरून पडलेले, आणि खोलीच्या तिन्ही भिंतींना लागून, फळ्यांवर, खिडकीत, ट्रंकेवर, पाण्याच्या पिंपाच्या झाकणावरसुद्धा, पत्र्याच्या खेळण्यातल्या मोटारी. मोटारी म्हणजे बसगाड्या. आमच्याकडं जुनी माणसं बसला मोटारच म्हणायची. लाल, निळ्या, पिवळ्या, दुमजली, लांब नाकाच्या, सपाट तोंडाच्या. काहींच्या खिडक्या कापलेल्या, काहींच्या नुसत्या रंगवलेल्या. पन्नासेक तरी असतील.

माझे मिस्टर हसले. मी त्यांना कोपरानं ढोसलं.

"हसू द्या," अप्पा घोंगडीतून म्हणाले. "बायको बी हसली होती. पहिल्यांदा."

ताप असूनही ते उठून बसले. एक गाडी हातात घेऊन उलटी केली आणि मला दाखवली. आतल्या बाजूला, चाकांच्या मधे, तुपाच्या डब्यावरची अक्षरं होती. अर्धवट कापलेली. "बघा. डबा फोडून केलीय. वरून मोटार, आतून तुपाचा डबा. तेव्हा पत्रा कुठं मिळत होता नवा? लढाई संपलेली. जपानमधे बी असंच, आपल्या मुंबईत बी असंच." मग त्यांनी मला पत्र्याचे छोटे कान दाखवले, जे एका तुकड्यातून दुसऱ्या तुकड्याच्या चिरेत घालून वाकवलेले असतात. कुठंही कथलाचा डाग दिलेला नाही, खिळा नाही. "हे कान दोन वेळा वाकतात, तिसऱ्या वेळी तुटतात. म्हणून उघडायची न्हाई. आतली चावी बिघडली असंल तरच. ती बी रशीदभाईकडं."

रशीदभाई म्हणजे गोलाईतले घड्याळजी. त्यांच्याशिवाय अप्पा कुणाला गाडीची कमान, म्हणजे चावीची स्प्रिंग, उघडू द्यायचे नाहीत. गंजलेल्या भागाला कापसाच्या बोळ्यानं शिलाई मशीनचं तेल, बस. रंग कधीच नाही. एकदा आमच्या शिपायानं भक्तिभावानं एका गाडीला लाल ऑइलपेंट मारून दिला तर अप्पा आठ दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. "जिवंत होती हो ती," एवढंच म्हणाले.

मी विचारलं, "अप्पा, हा नाद कधीपासून?"

"इथं आलो त्या साली. दुष्काळ होता. लोक घरातलं होतं नव्हतं ते भंगारात घालून राहिले होते. मी खडीच्या कामावर हजेरी घेऊन येत होतो. बघितलं तर भंगारवाला रस्त्याच्या कडंला बसून डबे, कंदील सगळं हातोड्यानं सपाट करतोय. त्यात ही निळी. हातोडा उचललाच होता त्यानं. मी म्हटलं, थांब."

मी पुढचं ऐकायला थांबले. पण ते तेवढंच होतं.

पुढं ते भंगाराच्या गाड्यांवर लक्ष ठेवायला लागले. प्लास्टिकची खेळणी आली होती, पत्र्याची कुणाला नको होती. उदगीर, निलंगा, देगलूर, जिथं कामानिमित्त जातील तिथं विचारायचे. आणि दुसरी एक वाट होती. खेड्यातले लोक जुने उर्दू कागद घेऊन त्यांच्याकडं यायचे. इनामाची सनद, वाटणीपत्र, आजोबाची एखादी पावती. पिढीजात पेटीत जपलेलं, पण घरात कुणालाच वाचता न येणारं. अप्पा जेवणाच्या सुट्टीत ते वाचून द्यायचे, हातानं मराठीत उतरवूनही द्यायचे. काही घेत नसत. फक्त जाताना विचारायचे, "घरात पत्र्याची मोटार हाय का जुनी?" कुणी आणून द्यायचं, कुणी हसून जायचं.

पहिला बदली आदेश आला तो जिल्हा होऊन वर्ष झाल्यावर. अप्पांनी पेढे आणले होते. साहेबांनी त्यांना बोलावून खुर्ची दिली, चहा दिला, आणि मला बोलावून ते वाक्य सांगितलं. दप्तराची वाटणी अजून पुरी व्हायची होती. त्यांचं म्हणणं खोटं नव्हतं. अप्पा बाहेर आले, पेढ्यांचा डबा उघडाच होता. "घ्या बाई," म्हणाले, "पेढ्यांना काय कळतंय."

साहेबांनी दोन कारकून त्यांच्याकडं उर्दू शिकायला दिले. एकाला बँकेत नोकरी लागली. दुसरा अलिफ-बेच्या पुढं सरकला आणि त्याला बढती मिळाली.

मग दुष्काळ आला. बहात्तरसारखा नव्हे, जुनी माणसं म्हणायची. पण तीन पावसाळे एकामागून एक कोरडे गेले आणि चौथ्या उन्हाळ्यात लातुरात आठवड्यातून एकदा नळ यायला लागला. कचेरी रविवारी चालू, रजा बंद. अप्पांचं नांदेड महिन्यातून एकदावर आलं. गावोगाव टँकर सुटलेले, आणि टँकर भरायला पाणी कुठं आहे याचा शोध चाललेला. त्या दिवसांत अप्पांनी साहेबांच्या टेबलावर एक कागद नेऊन ठेवला.

जळकोटच्या बाजूचं एक गाव. कागदात लिहिलं होतं की गावाच्या पूर्वेला सरकारी बारव आहे, दगडी, पाणी बारमाही. तलाठ्यानं कळवलं, अशी बारव गावात नाही. गावकऱ्यांनी सांगितलं, आम्ही जन्मापासून पाहिली नाही. अप्पा म्हणाले, "लिवणारा गावात जाऊन लिवत होता साहेब. घरात बसून न्हाई."

साहेब स्वतः निघाले. टिपणं घ्यायला म्हणून मलाही जीपमधे घेतलं. गावाच्या पूर्वेला फक्त उकिरडा होता, पुरुषभर उंच, वर बाभळी उगवलेल्या. अप्पांनी कागद हातात धरून मारुतीच्या देवळापासून पावलं टाकली. वाचायचे, चार पावलं चालायचे, पुन्हा वाचायचे. मागून अख्खा गाव. शेवटी उकिरड्याच्या मध्यावर उभे राहून म्हणाले, "इथं."

खोदायला नऊ दिवस लागले. पाचव्या दिवशी पहिली पायरी लागली. नवव्या दिवशी आम्ही पुन्हा गेलो तेव्हा खाली, काळ्या दगडांच्या तळाशी, परातभर पाणी चकाकत होतं, आणि आम्ही बघता बघता ते दोन परातींएवढं झालं. एका म्हातारीनं पहिली कळशी वर आणली आणि कुणाला कळायच्या आत अप्पांच्या पायावर ओतली. अप्पा मागं सरले. "अगं माय, सांडू नको, सांडू नको!" त्यांचा आवाज चिरकला होता. "प्यायचं हाय ते!"

त्याच म्हातारीनं संध्याकाळी जीपपाशी फडक्यात गुंडाळून एक पत्र्याची मोटार आणून दिली. हिरवी, दुमजली. तिला कुणीतरी अप्पांचा नाद सांगितला असणार.

परतताना साहेब आनंदात होते. मागं वळून म्हणाले, "अप्पा, आता मात्र मी तुम्हाला सोडत नसतो!"

अप्पाही हसले. मग हसू हळूहळू मावळलं. हिरवी मोटार मांडीवर होती. दुसरा बदली आदेश त्याच आठवड्यात येऊन साहेबांच्या ड्रॉवरमधे पडला होता, हे मला ठाऊक होतं. त्यांनाही ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी मी ते वाक्य टाइप केलं.

त्यानंतर काही महिन्यांनी, दुपारी, सगळे जेवायला गेलेले असताना अप्पा माझ्या टेबलापाशी आले. "बाई, एक अर्जी टाइप करायचीय. निनावी."

"कुणाविरुद्ध?"

"माझ्या."

ते सांगू लागले आणि सवयीनं माझी बोटं चालू लागली. "रेकॉर्ड विभागातील कर्मचारी श्री. म. शि. कोरे हे जुने कागद वाचून देण्याच्या मोबदल्यात गोरगरीब ग्रामस्थांकडून खेळण्यातील मोटारी घेतात. सबब त्यांची तात्काळ जिल्ह्याबाहेर बदली व्हावी." मी थांबले.

"अप्पा, हे काय करताय? चौकशी लागेल. पेन्शनला धक्का लागेल."

"शिक्षा म्हणून तरी सोडतील," ते म्हणाले. "चांगल्या कामानं सुटत न्हाई, बघितलं की तुम्ही."

मी नाही म्हटलं. ते उभेच राहिले. एवढा उंच माणूस, हात बांधून, माझ्यासमोर. मी अर्ज पुरा केला आणि कागद ओढून त्यांच्या हातात दिला.

माझ्या मशीनचा "र" नेहमी ओळीच्या वर उडायचा. माझ्या लक्षात तो साहेबांनी मला केबिनमधे बोलावल्यावर आला. अर्ज त्यांच्यासमोर होता. त्यांनी एका "र"वर बोट ठेवलं, मग दुसऱ्या, मग तिसऱ्या.

"कोरे अप्पांशी तुमचं काही वाकडं आहे?"

"नाही साहेब."

त्यांनी अर्ज फायलीत सरकवला. कळलं असावं त्यांना. "जा," म्हणाले.

रीतसर चौकशी झाली. एक नायब तहसीलदार खोलीवर जाऊन मोटारी बघून आले, दोन-तीन चावी देऊन चालवूनही आले म्हणे. अहवालात लिहिलं, जुनी मोडकी खेळणी, तथ्य नाही, दप्तरी दाखल. साहेबांनी अप्पांना सगळ्यांदेखत सांगितलं, "अप्पा, तुमच्यावरचा आरोप मी मानत नाही. निश्चिंत राहा."

"मानायला पाहिजे होता साहेब," अप्पा म्हणाले. लोकांना वाटलं विनय आहे.

आणि काही महिन्यांत तिसरा आदेश आला, तोही तसाच गेला.

पण त्या अर्जानं अप्पांना वेगळ्याच ठिकाणी धरलं. एक दिवस मला म्हणाले, "बाई, खोटी म्हणून लिवली ती अर्जी. पण वाचून बघितली तर त्यात खोटं काय हाय? घेतलीच की मी." त्या दिवसापासून त्यांनी लोकांना मोटारीबद्दल विचारणं बंद केलं. नुसतं बंद केलं नाही, तर घेतलेल्या परत द्यायला निघाले. कुणाकडून कुठली आली ते त्यांच्या बरोबर ध्यानात होतं. रविवारी पिशवीत दोन-तीन घालून खेड्यांत जायचे. नांदेडचे रविवार त्यात जायला लागले. काहींनी ठेवून घेतल्या. काहींना आठवतही नव्हतं. हिरवी दुमजली द्यायला ते त्या बारवेच्या गावी गेले. परत आले ते गाडी घेऊनच.

"काय झालं अप्पा?"

"शिव्या दिल्या म्हातारीनं. म्हणली, माझ्या मेलेल्या लेकाची हाय, तुला दिली ती काय परत आणायला? ठिव म्हणली."

ती गाडी त्यांनी फळीवर ठेवली नाही, ट्रंकेत ठेवली.

चौथा आदेश आला तेव्हा त्यांना रिटायर व्हायला दोन वर्षं होती. पाऊस बरा झाला होता, साहेब बदलले होते. नवे साहेब तरुण, त्यांना उर्दू रुमालांचं फारसं सोयरसुतक नव्हतं. आदेश बघून म्हणाले, "द्या कार्यमुक्त करून, आजच." मी मशीनमधे कागद घातला. मला इतका आनंद झाला की दोनदा चुकले. आदेश घेऊन धावतच रेकॉर्डला गेले.

अप्पा बशीतल्या चहाकडं बघत बसले होते. त्यांनी कागद वाचला. मान नेहमीसारखी हलली, यावेळी डावीकडून उजवीकडं.

"एवढा निलंग्याचा रुमाल लावून होऊ द्या बाई," ते म्हणाले. "आठ दिवस."

आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना. साहेबांनी विचारलं की अप्पा म्हणायचे, थोडं राहिलंय. शनिवारची नांदेडची बसही त्यांनी सोडली, पण रोज डाक आली की मात्र स्वतः जाऊन बघायचे. तीन महिन्यांनी नांदेडची ती जागा दुसऱ्या कुणी भरली. अप्पांनी ऐकलं आणि मान हलवली. मला राग आला. खरंच आला. इतकी वर्षं माझी बोटं दुखली ती या माणसासाठी? मी काही दिवस त्यांच्याशी तुटकच वागले. त्यांनी कधी कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पुढची दोन वर्षं तशीच गेली आणि ते रिटायर झाले. हार, नारळ, शाल. मोटारी वर्तमानपत्रात गुंडाळून खोक्यांत भरल्या होत्या. रशीदभाईंनी प्रत्येक खोकं सुतळीनं बांधून दिलं, ट्रकवर चढवलं, आणि अप्पांना मिठी मारून म्हणाले, "अब घर जाव, बाबा." अप्पा ड्रायव्हरशेजारी बसून गेले.

तीन वर्षांनी माझ्या धाकट्या दिराचा नांदेडजवळच्या विष्णुपुरीच्या इंजिनिअरिंग कॉलेजात नंबर लागला. त्याला सोडायला गेले तेव्हा वाट वाकडी करून अप्पांकडं गेले. सुमित्राबाईंना मी पहिल्यांदा पाहत होते. बुटक्या, काटक, जाड चष्म्याच्या, शाळेतून रिटायर झाल्या तरी आवाज वर्गातलाच. अप्पा ओसरीवर खुर्चीत होते. मला बघून उभे राहिले, बसा म्हणाले, आणि मग कुठं बसवावं हे न कळून इकडंतिकडं बघू लागले. शेवटी सुमित्राबाईंनीच आतून खुर्ची आणली.

आतल्या बोळात भिंतभर सागवानी फळ्या होत्या, काचेची सरकती दारं लावलेल्या. त्यात मोटारी. पण निम्म्याच. बाकीची खोकी खाली, सुतळी न सोडलेली.

"लावून राहिलो हळूहळू," अप्पा म्हणाले.

"तीन वर्षं झाली," सुमित्राबाई म्हणाल्या.

मी चहाला म्हणून त्यांच्यामागं स्वैपाकघरात गेले. फळ्या सुंदर आहेत म्हटलं.

"पहिला आदेश आला तेव्हा करून घेतल्या मी," त्या म्हणाल्या. "पहिला. सुताराला सांगितलं, लवकर कर, आठ दिवसांत येतील. मग त्यात शाळेच्या वह्या ठेवत गेले."

मला राहवलं नाही. मी चौथ्या आदेशाचं विचारलं. म्हटलं, साहेबांनी सोडलं होतं, आदेश मीच टाइप केला होता. ते का आले नाहीत?

सुमित्राबाईंनी गॅस बारीक केला.

"पत्र आलं होतं त्यांचं. सगळी हकीकत लिहून शेवटी विचारलं होतं, येऊ का? येऊ का! स्वतःच्या घरी यायला परवानगी मागतात व्हय बाई? सोळा वर्षं एकटीनं घर केलं, पोरीचं बाळंतपण केलं, सासूला पोचवलं, आणि हे विचारतात येऊ का. मला इतका राग आला, मी उत्तरच दिलं नाही. म्हटलं, यायचं त्यानं यावं." त्यांनी दूध पातेल्यात ओतलं. "आणि ते तिकडं उत्तराची वाट बघत बसले. लेखी आल्याशिवाय हलायचं नाही, अशी सवय लागलेली ना. त्यांना वाटलं मला नको आहेत. मला वाटलं त्यांनाच यायचं नाही. दोन वर्षं, बाई, आणि घरी आल्यावरही कुणी विषय काढला नाही. आत्ता गेल्या दिवाळीला बोलता बोलता निघालं."

"मग?"

"मग काय. दोघं रडलो थोडं. पण त्यानं सवय जाते व्हय? अजून पाणी मागताना पाहुण्यासारखं मागतात. माझा बी हात पाहुण्यासारखाच पुढं होतो. बशी मांडते. घरच्या माणसाला कुणी बशी मांडतं का?"

चहा घेऊन आम्ही बाहेर आलो. अप्पांनी बशीत चहा ओतला, निवायची वाट बघत बसले. रेकॉर्डची चौकशी केली. आता कुणी वाचतंय का विचारलं. मी नाही म्हटलं. "हां," म्हणाले. त्यात समाधान होतं की खंत, मला ओळखता आलं नाही.

मला बसवून द्यायला दोघंही स्टँडवर आले. लातूरची बस लागली तशी गर्दी दाराकडं धावली. साठी ओलांडलेले अप्पा, मी नको नको म्हणत असताना, त्या गर्दीत घुसून वर चढले आणि खिडकीची एक जागा धरून बसले. मी मागून सावकाश चढले. ते उठून जागा देतील म्हणून शेजारी दांडी धरून उभी राहिले.

ते उठेनात. दोन्ही हात मांडीवर, नजर समोर. कंडक्टरनं दोनदा विचारलं, लातूर का? अप्पांनी हो म्हणून मान हलवली.

"अप्पा," मी हळूच म्हटलं.

त्यांनी माझ्याकडं बघितलं, पण मला बघितल्यासारखं नव्हे.

घंटी वाजली. इंजिन सुरू झालं. तेवढ्यात सुमित्राबाई, साडीचा काठ एका हातात धरून, लोकांना बाजूला सारत वर चढल्या. मला वाटलं आता शाळेतल्यासारख्या ओरडतील. त्यांनी नुसतं अप्पांचं मनगट धरलं, उठवलं, आणि लोकांच्या पिशव्यांवरून, पायांवरून वाट काढत दारापर्यंत नेलं. आधी स्वतः खाली उतरल्या, मग त्यांना उतरवलं.

बस वळली तेव्हा मी खिडकीतून मागं पाहिलं. दोघं फलाटाच्या कडेला उभे होते. भर दुपारची वेळ, चारी बाजूंनी माणसं. सुमित्राबाईंनी मनगट अजून सोडलं नव्हतं, आणि अप्पा त्या धरलेल्या हाताकडं खाली मान घालून बघत होते.